पोरगी नुसतं ‘के’ म्हणाली तर काय समजायचं

मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या एका बाईंचा मेसेज आला, ताई ४ किलो शेंगा चटणी लागेल, शनिवारपर्यंत मिळेल का. मी भाकरी थापत होते, हात पिठाचे, एका बोटानं ‘हो’ टाकलं आणि फोन बाजूला ठेवला. पाच मिनिटांनी त्यांचा अजून एक मेसेज, नुसती तीन अक्षरं, ‘एनव्हीएम’. मला वाटलं सोसायटीचं नाव असेल, पुण्यात असतात की अशी. वहीत लिहून पण ठेवलं मी, एनव्हीएम, ४ किलो, शनिवार. शुक्रवारी पार्सल बांधून पूर्ण पत्ता मागितला तर बाई म्हणतात, अहो ताई मी तर नको म्हणून कळवलं होतं ना. एनव्हीएम म्हंजे ‘नेव्हर माइंड’, राहू दे, जाऊ दे. चार किलो चटणी! थोडी शेजारी वाटली, थोडी पाहुण्यांना बांधून दिली आणि उरलेली आमच्या ह्यांनी महिनाभर रोज खाल्ली, चकार शब्द न काढता.

मी जुळे सोलापुरात राहते, घरून कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. दुकान नाही, बोर्ड नाही, सगळा धंदा व्हॉट्सॲपवर, त्यामुळं दिवसभर वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या गावची माणसं माझ्याशी अर्ध्या अर्ध्या अक्षरांत बोलत असतात. त्यात पोरगी पुण्यात हिंजवडीला नोकरीला, तिची भाषा अजून वेगळी. चटणीच्या त्या प्रकरणानंतर मी ठरवलं की हे शिकायचंच, आणि तेव्हापासून जे हाताला लागलं ते इथं लिहितेय, माझ्यासारख्या ज्यांना पोरांना विचारायची लाज वाटते त्यांच्यासाठी.

पहिलं काम सोपं आहे, फुल फॉर्म शोधणे. गूगलवर नुसती तीन अक्षरं टाकली तर कुठली तरी कंपनी नाहीतर कॉलेज निघतं, म्हणून अक्षरांच्या पुढं ‘चॅट मीनिंग’ असं टाकायचं. मिळालेला अर्थ त्या मेसेजमध्ये बसवून वाक्य एकदा मोठ्यानं वाचायचं. वाक्य पळालं तर अर्थ बरोबर, अडखळलं तर दुसरा शोधायचा. ही मोठ्यानं वाचायची सवय लई कामाची, कारण एकाच अक्षरांचे दोन दोन तीन तीन अर्थ असतात आणि आपल्याकडं इंग्रजी अक्षरांत मराठी पण लिहितात, मग तर विचारूच नका.

माझंच बघा. एका गिऱ्हाइकानं विचारलं, ‘ईटीए?’ इंग्रजी अक्षरं तीन, ई, टी, ए. मी ते सरळ मराठीत वाचलं, येता? मी उत्तर दिलं, नाही हो आम्ही घरपोच येत नाही, तुम्हीच या, दत्त मंदिराच्या मागच्या गल्लीत. तो बिचारा विचारत होता पार्सल किती वाजेपर्यंत पोचेल, पोचायची अंदाजे वेळ, त्याला ते लोक ईटीए म्हणतात. तसंच ‘बिझी एटीएम’. मला वाटलं माणूस पैसे काढायला गेलाय, रांग असेल, बसले वाट बघत. तिथं एटीएम म्हंजे ‘ॲट द मोमेंट’, आत्ता कामात आहे. आणि कुरिअरवाल्यांचा मेसेज आला की तुमचं पार्सल आरटीओ झालंय, तेव्हा तर मी घाबरलेच, म्हटलं चटणीचा आणि आरटीओ ऑफिसचा काय संबंध, गाडी पकडली का काय. कुरिअरमध्ये आरटीओ म्हंजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, माल परत तुमच्याकडंच निघालाय, गिऱ्हाइकानं घेतला नाही किंवा घर सापडलं नाही. हे कळलं की लगेच गिऱ्हाइकाला फोन लावायचा, नाहीतर जायचा यायचा दोन्ही खर्च अंगावर.

सगळ्यात अवघड जागेचं दुखणं म्हंजे ‘बीसी’. आमच्या भिशीच्या ग्रुपवर एका काकूंनी लिहिलं, ‘उद्या बीसी माझ्याकडे’. काकूंना भिशी म्हणायचं होतं. माझी पोरगी माझ्या फोनवर ते वाचून हसून हसून लोळली, कारण तिच्या वयाची पोरं ती दोन अक्षरं हिंदीतल्या एका आयाबहिणींवरच्या शिवीसाठी वापरतात. आणि बाहेरदेशी कुणी लिहिलं तर त्याचा अर्थ नुसता ‘बिकॉज’, कारण. अक्षरं दोनच पण लिहिणारा काकू आहे, कॉलेजचं पोरगं आहे का अमेरिकेतला भाचा आहे, त्यावर सगळं. म्हणून अर्थ शोधायच्या आधी नाव बघायचं, मेसेज कुणाचा आहे.

सोलापूरकरांना ह्यात अजून एक फोडणी आहे. आपल्याकडं एकाच ग्रुपवर मराठी, तेलुगू, कानडी, हिंदी चारी चालतात, पूर्व भागातल्या मैत्रिणी तेलुगूत हो म्हणताना ‘सरे’ लिहितात, अक्कलकोटकडच्या कानडीत ‘सरी’. दोन्हीचा अर्थ आपलं ‘बरं’. आता हे ‘सरी’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं की एस-ए-आर-आय दिसतं. मी एका अक्कलकोटच्या ताईंना दर सांगितला, त्यांनी ते लिहिलं. मी आधी वाचलं साडी, म्हटलं ह्यांना साडी कुठली पाहिजे माझ्याकडून. मग वाटलं नाही, सॉरी असेल, दर परवडला नाही वाटतं, म्हणून मी दहा रुपये कमी केले. परत ‘सरी’. अजून दहा कमी केले! त्या ताई नंतर म्हणाल्या, मी तर पहिल्यांदाच हो म्हटलं होतं, तुम्ही का कमी करत बसलात कळंना मला. (वीस रुपये परत मागायचा धीर झाला नाही.)

असे शब्द का निघाले हे कळलं की राग थोडा कमी होतो, म्हणून थोडं मागचं सांगते. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला इंग्लंडमध्ये गेला, नील पॅपवर्थ नावाच्या इंजिनियरनं ‘मेरी ख्रिसमस’ एवढंच पाठवलं होतं. एका मेसेजला जागा १६० अक्षरांची. ती पण इंग्रजीत! देवनागरीत लिहिलं तर फक्त ७०, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलंत सगळं वेगळं मोजायचं. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच २९ जागा संपतात, मोजून बघा. त्यात बटणांचे फोन, आमच्याकडं टॉर्चवाला नोकिया होता, त्यावर एस काढायला ७ चं बटण चार वेळा दाबायचं. म्हणून लोकं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला लागली आणि त्यातले पण स्वर खाल्ले. मग चं ‘एमजी’ झालं, पण चं ‘पीएन’, बरं चं ‘बीआर’, आणि जेवण चं तर एक नंबर झालं, जे अक्षर आणि पुढं १ चा आकडा. जे-वन. ‘जे१ झालं का’ हा मेसेज ज्यानं पहिल्यांदा लिहिला त्याचा सिद्धेश्वराच्या जत्रेत, गड्ड्यावर, सत्कार करायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे. परत एसएमएसचं पॅक टाकलेलं असलं तरी दिवाळीला, न्यू इयरला ते चालायचं नाही, त्या दिवशी मेसेजला वेगळे पैसे. मग लोक कशाला लांबण लावतील.

आता जागेची मर्यादा गेली, पैसे लागत नाहीत, तरी पोरं तोडकंच लिहितात. म्हंजे आता ते जागा वाचवायला नाही, सूर दाखवायला लिहितात. आणि गूगलवर फुल फॉर्म सापडतो, सूर सापडत नाही.

सूर कसा ओळखायचा त्याचं उदाहरण म्हणून माझ्या पोरीचा ‘हो’ सांगते. ती खुश असली की ‘ओक्केएएए’ लिहिते, शेवटचं अक्षर ओढत. साधं असलं की ‘ओके’. घाईत असली की ‘केके’, दोनदा के, ते गोड आहे, त्याला घाबरायचं नाही. आणि नुसतं एकच ‘के’ आलं की माझ्या पोटात गोळा. पहिल्यांदा आलं तेव्हा मी तिला एका स्थळाबद्दल चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला होता, मुलगा इंजिनियर आहे, घर होटगी रोडला आहे, वगैरे. उत्तर ‘के’. मी रात्रभर जागी. सकाळी फोन केला तर म्हणे, आई मी मीटिंगमध्ये होते गं, ऐकलंच नाही अजून. दुसऱ्या वेळी मी शहाणी झाले, ‘के’ आलं तर आलं म्हटलं, मीटिंग असेल. पण त्यावेळी ती खरंच चिडली होती, कारण मी तिला न विचारता तिचा फोटो त्या स्थळाकडं पाठवला होता.

मग मी दोन्ही दिवसांचे मेसेज शेजारी शेजारी ठेवून बघितले, आणि फरक दिसला की. पहिल्या ‘के’ च्या आधी ती नेहमीसारखी ‘अगं आई’ म्हणत होती, त्या दिवशी दुपारी जे१ झालं का पण विचारलं होतं, आणि के लगेच आलं होतं, अर्ध्या मिनिटात. दुसऱ्या वेळी मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दहाला आल्या, उत्तर आलं बाराला. दोन तास तिनं काहीतरी लिहिलं असेल, खोडलं असेल, परत लिहिलं असेल आणि शेवटी एक अक्षर पाठवलं. आणि त्यानंतरच्या मेसेजमधनं ‘अगं’ गेलं होतं, नुसतं ‘आई’. मला जे समजलं ते एवढंच, की अक्षरात राग नसतो, त्या माणसाच्या रोजच्या पद्धतीत आणि आजच्या मेसेजमध्ये जो फरक असतो त्यात राग असतो. जो माणूस कायमच ‘के’ लिहितो, उदाहरणार्थ आमचे गॅसवाले, त्याच्या ‘के’ ला काही अर्थ नाही. म्हणून कुणाचा सूर कळंना झाला तर चॅट वर सरकवून त्या माणसाचे जुने दहा-पंधरा मेसेज वाचायचे, मग आजचा वाचायचा.

हे वाचून कुणाला वाटेल काय ही आजकालची थेरं. पण आपण हेच करत होतो. माझे वडील मिलमध्ये होते, धाकटे काका मुंबईला. काकांचं पत्र यायचं तेव्हा वर ‘ती. दादा यांस, सा. न. वि. वि.’, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्या माणसाला ‘स. न. वि. वि.’, सप्रेम नमस्कार, आणि लहानांना ‘चि.’ लिहून ‘अ. उ. आ.’, अनेक उत्तम आशीर्वाद. घराच्या वाटणीवरनं दोघांत वाजलं त्या वर्षी काकांचं पत्र आलं त्यात वर लिहिलं होतं ‘श्री.’ आणि पुढं पूर्ण नाव, ‘यांस, स. न. वि. वि.’ तीर्थरूप गेलं, आणि ‘सा’ चा काना गेला. वडिलांनी पहिली ओळ वाचली आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं, पुढं वाचलंच नाही. आई म्हणाली काय लिहिलंय, तर म्हणाले, कळलं काय ते. एका कान्यात कळलं. ज्यांनी अशी पत्रं वाचलीत त्यांना ‘ओके’ आणि ‘के’ मधला फरक शिकवायची गरज नाही, फक्त ती जुनी नजर फोनवर लावायची.

फुलस्टॉपचं पण तसंच आहे आणि हे मला कुणी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. आपल्याला शाळेत शिकवलं वाक्य संपलं की पूर्णविराम, मी सगळीकडं देते. पोरगी म्हणाली, आई तू कायम चिडल्यासारखी का लिहितेस. कारण मी लिहायचे ‘ठीक आहे.’ आणि पोरांच्या चॅटमध्ये मेसेज पाठवला की वाक्य आपोआप संपतं, मग त्यावर परत टिंब ठोकलं की ते दार आपटल्यासारखं ऐकू येतं. ह्यावर अभ्यास पण झालाय, अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये विद्यार्थ्यांना एका शब्दाची उत्तरं दाखवली, फुलस्टॉप असलेली मुलांना कमी मनापासूनची वाटली, आणि गंमत म्हंजे तेच उत्तर हातानं चिठ्ठीवर लिहिलेलं दाखवलं तर तसं वाटलं नाही. म्हंजे दोष टिंबाचा नाही, जागेचा. मोठ्या माणसांचा फुलस्टॉप बघून पोरांनी पण लगेच तोंड फुगवू नये, आम्हाला सवय आहे हो ती.

आता ‘एलओएल’. सगळ्यांना माहितीये, लाफ आउट लाउड, मोठ्यानं हसणे, २०११ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत पण गेलं. त्याच वेळी ‘ओएमजी’, ओ माय गॉड, पण गेलं, आणि ते पोरांनी काढलेलं नाही बरं का, १९१७ साली इंग्लंडच्या फिशर नावाच्या म्हाताऱ्या ॲडमिरलनं चर्चिलना लिहिलेल्या पत्रात ओएमजी लिहून पुढं कंसात अर्थ पण दिलाय. पण एलओएल वर कुणी हसत नाही आजकाल. माझी भाची लिहिते, ‘मला ताप आलाय एलओएल’. ताप आल्यावर हसायला काय झालं? मी विचार करत बसले. मग लक्षात आलं की ते आपल्या ‘हं’, ‘बरं का’, ‘ना’ सारखं आहे, त्याला अर्थ नाही, ते नुसतं वाक्याची धार काढून टाकतं. ‘तू उशीर केलास’ आणि ‘तू उशीर केलास हं’ ह्यात जेवढा फरक, तेवढाच. जॉन मॅकव्होर्टर नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञानं पण २०१३ मध्ये एका भाषणात हेच सांगितलं होतं. म्हणून एलओएल कुठं आहे ते बघायचं. वाक्याच्या शेवटी, छोट्या लिपीत असेल तर तो ‘हं’ आहे. एकटंच, मोठ्या लिपीत असेल तर खरं हसू, तेही बहुतेक चाळिशीच्या पुढच्या माणसाचं. आणि तुम्ही काही गंभीर लिहिलं, पैसे बाकी आहेत वगैरे, आणि त्यावर नुसतं एलओएल आलं तर ते हसू तुमच्यावर आहे, तिथं गप्प बसायचं नाही.

खरं हसायचं असलं की पोरं काय करतात ते ऐकून मी चाट पडले. रडून हसणारा पिवळा चेहरा असतो ना, ऑक्सफर्डनं २०१५ चा वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता तो, तो आता म्हाताऱ्यांचा झाला म्हणे. पोरं कवटी टाकतात. मेलो हसून, असा अर्थ. माझ्या भाच्यानं माझ्या चकलीच्या फोटोखाली कवटी टाकली होती आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

एका अक्षरानं घात होतो ती जोडी पाठच करा, ‘आयडीके’ आणि ‘आयडीसी’. पहिलं ‘मला माहीत नाही’, दुसरं ‘मला काय घेणं नाही’. पुतण्याला विचारलं गाडी किती वाजता येणार, त्यानं लिहिलं आयडीके, मी वाचलं दुसरं, आणि त्याच्या आईला फोन करून तक्रार पण केली. तसंच ‘टीबीएच’ म्हंजे खरं सांगायचं तर, ‘एनजीएल’ म्हंजे खोटं कशाला बोलू. ही वाक्याच्या सुरुवातीला आली की सावध, पुढं काहीतरी मनातलं येणार, आणि ते निम्म्या वेळा टोमणा असतो. ‘टीबीएच चटणी तिखट होती’. ‘आयएमओ’ त्यामानानं नरम, माझ्या मते एवढंच. ‘आयजी’ म्हंजे बहुतेक, असेल बुवा, पण त्याच्या आसपास फोटो, रील असले शब्द असतील तर इन्स्टाग्राम. ‘एसएमएच’ म्हंजे नकारार्थी मान हलवणे, कपाळावर हात. ‘ओटीडब्ल्यू’ म्हंजे निघालोय, वाटेत आहे, आणि ह्याचा फुल फॉर्म काहीही असो, आमच्या पुतण्याच्या बाबतीत त्याचा अर्थ चप्पल शोधतोय असा धरायचा. पोरगी मात्र हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसली की टाकते, मग मी कुर्डुवाडी येईपर्यंत आमटी फोडणीला टाकत नाही.

ऑफिसातल्या लोकांचं वेगळं. ‘पीएफए’ सोबत फाइल जोडली आहे, ‘ईओडी’ आज दिवस संपायच्या आत, ह्यात सूर बिर काही नाही. पण ‘एफवायआय’ जपून. माहितीसाठी, असा साधा अर्थ, आणि तरी ‘एफवायआय मी पैसे सोमवारीच पाठवलेत’ असं कुणी लिहिलं तर ते माहिती देत नाहीयेत, तुम्हाला झोपेतनं उठवतायत. ‘एएसएपी’ म्हंजे जितक्या लवकर होईल तितकं, साहेबानं लिहिलं तर हुकूम, हाताखालच्यानं साहेबाला लिहिलं तर उद्धटपणा, आणि गिऱ्हाइकानं मला लिहिलं तर मी विचारून घेते, म्हंजे कधी, आज का उद्या. कारण काहीजणांना सवयच असते ते लिहायची, लग्न पुढच्या महिन्यात असलं तरी.

मराठीत पण आपली आपली आहेत, पोरांना ती माहीत नसतात म्हणून सांगते. मराठीतनं नेटवर लिहिणाऱ्यांनी काढलेलं ‘हहपुवा’ माझं लाडकं, हसून हसून पुरेवाट. आणि ‘ह. घ्या.’, हलके घ्या, हे तर फार कामाचं, इंग्रजीत ‘जेके’ जे काम करतं तेच, गंमत करतोय हो, मनाला लावून घेऊ नका. फक्त एक, खरोखर लागेल असं बोलून पुढं ह. घ्या. लावलं म्हणून ते हलकं होत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जण असं रोज करतात.

वापरायचं कधी नाही हे पण सांगायला पाहिजे. कुणी गेल्याची बातमी आली की ग्रुपवर ‘आरआयपी’, ‘आरआयपी’ ची रांग लागते, काहीजण ‘भा. पू. श्र.’ पण टाकतात. मला ते बघवत नाही. चटणीच्या ऑर्डरला तुम्ही तीन अक्षरांत उत्तर द्या, माझं काही म्हणणं नाही, पण ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ एवढं पूर्ण लिहायला दहा सेकंद लागतात. फोन केला तर अजून बरं. तसंच वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाला ‘एचबीडी’ नको. बरोबरीच्या मैत्रिणीला चालतं, तिला काही वाटत नाही.

आणि सगळं करून पण कळलं नाही तर सरळ विचारायचं. कसं विचारायचं त्याला मात्र पद्धत पाहिजे. ‘हे काय लिहिलंय?’ असं लिहिलं की समोरच्याला वाटतं आपण चिडलो, परत तोच सुराचा घोळ. मी आता गिऱ्हाइकांना लिहिते, ‘ताई तुमचं ते तीन अक्षरी मला झेपलं नाही, मराठीत सांगा ना’. आजपर्यंत कुणी वाईट मानलेलं नाही, उलट एक जण म्हणाले मला पण माहीत नव्हतं, सगळे लिहितात म्हणून लिहिलं. आणि ऑर्डरचं असेल तर मी शेवटी नेहमी आपल्या शब्दांत परत लिहून घेते, ‘४ किलो, शनिवार, नक्की ना?’ आणि हो आल्याशिवाय शेंगा भाजायला घेत नाही. पोरीच्या बाबतीत विचारायचं ते मेसेजवर नाही, फोनवर, आणि ‘चिडलीस का’ असं नाही, कारण त्याला उत्तर कायम ‘नाही’ च येतं. मी विचारते, जेवलीस का. तिच्या ‘हो’ वरनं बाकीचं कळतं.

पोरगी पण माझ्याकडनं एक शिकलीय. मी तिला एकदा काकांच्या त्या पत्राची गोष्ट सांगितली होती, ते सा आणि स चं, आणि पत्राच्या खाली ‘ता. क.’ लिहायचे ते पण, ताजा कलम, विसरलेलं मागनं आठवलं की लिहायचं. काल रात्री तिचा मेसेज आला, ऑफिसचं काहीबाही लांबलचक, त्या स्थळाचा विषय नाही, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ.

‘ता. क. चटणी संपली, मैत्रिणींना पण पाहिजे, ४ किलो’

फुलस्टॉप नव्हता. मी दहा मिनिटं वाट बघितली, पाठीमागं एनव्हीएम येतंय का ते, आणि मग शेंगा भिजल्या नाहीत ना ते बघायला उठले.